पालथ्या परातीची चाकं

लोक माझ्याकडं बघतात ते आधी चाकांकडं, म्हणून मीही चाकांपासूनच सांगते. मी एक जुनी पिकअप गाडी. जन्म कुठला ते नक्की ठाऊक नाही. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावाच्या रांगेत उभी होते, एवढं आठवतं. पहिला मालक हैद्राबादचा, दुसरा गुलबर्ग्याचा डाळवाला आणि तिसरा श्रीमंत. त्याच्या नावावर त्याचा स्वतःचाही फारसा विश्वास नव्हता.

आळंद तालुक्यातल्या एका खेड्यातून तुरीची पोती भरायची आणि गुलबर्ग्याच्या अडतीवर टाकायची, हे आमचं काम. घरात श्रीमंतची आई राजूबाई, बायको सत्यभामा आणि चार महिन्यांची लेक. सत्यभामा मास्तरणीचं शिक्षण पुरं केलेली. लेक झोपली की दर थोड्या वेळानं तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. आमचं दोघींचं जमायचं. आपल्यातनं कसला तरी आवाज येतोय, असं आम्हा दोघींनाही सतत वाटायचं.

अडुसष्ट साली श्रीमंतनं मला मागं जोडचाकं बसवली. पोती जास्त मावू लागली, पण मागची चाकं एका मापाची आणि पुढची दुसऱ्या. म्हणजे दोन स्टेपन्या बाळगायच्या. गुलबर्ग्याच्या वीरण्णा मिस्त्रीनं तोड काढली. चाकं ज्यांवर बसतात ते पुढचे हब बदलले आणि पुढंही मागच्यासारखीच चाकं चढवली. एकच स्टेपनी, सगळीकडं चालणारी.

ही चाकं खोलगट असतात, परातीसारखी. मागं बाहेरच्या चाकाचा खोलगट भाग बाहेर असतो. पुढं मात्र चाकाचं पोट, म्हणजे फुगीर बाजू, बाहेर काढून बसवावं लागतं.

"श्रीमंतअण्णा, नीट ऐका," वीरण्णा म्हणाला. "पुढं पोट भायेरच ठेवायचं. उलटं घातलं तर टायर भायेर जातंय, समदा भार बेअरिंगवर पडतंय. बेअरिंग मरतंय बघा."

श्रीमंत तेव्हा माझ्या आरशात स्वतःचा भांग बघत होता. सत्यभामा लेकीला लस टोचून आणून माझ्या पायरीवर बसली होती. झबल्याची घडी घालता घालता तिनं सगळं ऐकलं.

घरी पोचलो. राजूबाई दारात आली, माझ्या पुढ्यात थबकली.

"श्रीमंता, ही पालथी परात कामून आणलास दारात?"

"माय, चाक हाय ते."

"दिसायलंय मला. मयताच्या दिवशी चूल पेटत न्हाई, तवाच परात पालथी पडती. तू तर दोन-दोन घेऊन आलास."

"अगं, धम्माची दीक्षा घेतली न्हवं आपण? आता कसली पालथी अन् कसली उताणी?"

"घेतली की. देव सोडले, अंगारा सोडला, लिंबू-मिरची सोडली. परात सोडली न्हाई. भाकर तिच्यातच थापतीव अजून."

एवढ्यावर श्रीमंतनं चाकं तशीच ठेवली असती. पण शेजारचा अमृतप्पा कट्ट्यावरनं म्हणाला, "श्रीमंत, गाडीला कितवा महिना रं? लई पोट सुटलंय." कट्टा हसला. आईच्या म्हणण्याला एखादं उत्तर सापडतं, कट्ट्याच्या हसण्याला सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंतनं जॅक लावला आणि पुढची दोन्ही चाकं फिरवून बसवली. खोलगट बाजू बाहेर. परात उताणी.

"आवं, वीरण्णा म्हणले होते..." सत्यभामा दारातनं म्हणाली.

"आता तू मला गाडी शिकवायलीस व्हय?"

तो हसतच म्हणाला. ती आत गेली. आपल्याच ऐकण्यात चूक झाली असेल, असं तिला वाटलं. तिला कशाबद्दलही आधी तसंच वाटायचं.

माझे टायर मडगार्डाच्या बाहेर आले आणि रस्त्याकडेच्या प्रत्येकावर चिखल उडू लागला. स्टिअरिंग इतकं जड झालं की श्रीमंत घरी येऊन खांदे शेकून घ्यायचा. राजूबाई शेकायची आणि म्हणायची, "बघ, आता कशी सरळ दिसायलीय गाडी."

तशात सत्यभामेच्या नोकरीचा हुकूम आला. गावाजवळचीच शाळा. गुरुवारी पाचच्या आत गुलबर्ग्याच्या कचेरीत हजर होऊन सही करायची, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. लेकीच्या तापात बुधवारपर्यंतचे दिवस गेले. गुरुवारी जेवणं उरकून निघालो. लेकीला धरायला राजूबाईही बसली.

वाटेतली कडगंची मागं पडली आणि माझ्या उजव्या पुढच्या चाकातनं जात्यासारखी घरघर सुरू झाली. सत्यभामेनं ऐकली. आपल्याला उगाच ऐकू येतंय, असं समजून तिनं मान खिडकीकडं वळवली. मग जळका वास आला. तो तिघांनाही आला.

श्रीमंतनं चाक काढलं. ग्रीस जळून काळं झालेलं, बेअरिंग तापलेलं, पण अजून फुटलेलं नव्हतं. अडीच वाजले होते. बस आमच्या डोळ्यांदेखत मघाशीच पुढं गेली होती.

"आता हे गुलबर्ग्यापतूर जात न्हाई," तो म्हणाला आणि बांधावर बसला.

सत्यभामा उठली. तिचा आवाज माझ्या थंड इंजिनासारखा दोनदा अडकला आणि तिसऱ्यांदा लागला. "जाईल. चाकं फिरवा. पोट बाहेर पाहिजे. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

श्रीमंतनं आईकडं बघितलं. मीही बघितलं. राजूबाईच्या मांडीवर नात झोपलेली. राजूबाईनं चाकाकडं बोट केलं.

"घाल पालथी," ती म्हणाली. "पोरीची भाकर जायलीय. उताण्या परातीत मग काय थापू, माती?"

हब निवू दिला. श्रीमंतनं डब्यातलं ग्रीस भरलं, सत्यभामेनं पदर खोचून नट आवळले. मधे एकदा लेकीला पाजलं, पुन्हा आवळले. मग मी सायकलच्या चालीनं निघाले. घरघर होती, पण वाढत नव्हती. पावणेपाचला कचेरीसमोर उभी राहिले.

आत काय झालं ते मला तिच्या तोंडून कळलं. तिचे काळे हात बघून कारकुनानं विचारलं, "बाई, सही का अंगठा?"

"सही," ती म्हणाली. सहीशेजारी अंगठाही उमटलाच.

त्याला आता बावीस वर्षं झाली. राजूबाई गेली, तेव्हा घरात परात पालथी पडली. तिसऱ्या दिवशी सत्यभामेनं ती उचलली, घासली आणि पीठ घेतलं. लेक गुलबर्ग्याला शिकते. मी शाळेमागं उभी असते. इंजिन नाही. सीटवर एक कोंबडी अंडी घालते आणि मला काही विचारत नाही.

काल भंगारवाला चनमल्लप्पा आला. माझ्याभोवती फिरून हसला. "बाई, पुढची चाकं कुण्या येड्यानं उलटी घातलीत?"

सत्यभामेनं वहीतनं मान वर केली, चष्मा सारखा केला. "बरोबर आहेत," म्हणाली आणि पुन्हा वह्या तपासू लागली.

तिचा आवाज एकदाही न अडकता लागलेला मी बहुतेक पहिल्यांदाच ऐकला. सौदा ठरलाय, उद्या मला नेतील. नेणाऱ्यांना एवढंच मागणं, ओढताना आवाज आला तर थांबून ऐका. तो येतच असतो.