खाडीपल्याडचं स्थळ

डॉक्टरकडे जायचं म्हटलं की ठमाबाई दाराची चौकट धरून ठेवायची. देवळात म्हटलं की "काल तर जाऊन आले" म्हणायची. आणि हाताला धरून गाडीकडे न्यावं, तर सगळ्या नागावला ऐकू जाईल असा टाहो फोडायची. म्हणून त्या दिवशी सकाळी अल्पेशने आईला सांगितलं, "आये, चल. स्थळ बघायला जायचंय."

थाप लागू पडली. पडणारच होती, कारण ती बरोबर जागा बघून मारलेली होती. भावकीत कुणाची मुलगी लग्नाची झाली की मुलाची नोकरी, जमीन विचारायचं काम पुरुषांचं आणि घर बघायचं काम ठमाबाईचं, असा रिवाजच पडून गेला होता. ती ओटीवर बसायचीच नाही. पाणी प्यायचं निमित्त करून थेट मागच्या दारी जायची आणि तिथं भांडी घासणाऱ्या सुनेशेजारी उकिडवी बसायची. "सासूला काय इचारायचं? घर कसं हाय ते सून सांगते," असं तिचं म्हणणं. तिने नको म्हटलेल्या घरात भावकीने एकदाच मुलगी दिली, आणि ती वर्षाच्या आत रडत परत आली. त्यानंतर ठमाबाईच्या शब्दापुढे कुणी गेलं नाही.

आता तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, लेकाचं नाव कधी सापडे, कधी सापडत नसे. पण ‘स्थळ’ म्हटल्याबरोबर ती उठली, ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून नेसली, केसांना तेल लावलं आणि कुणी हात न धरता गाडीत जाऊन बसली.

"पोर कुणाची?" तिने विचारलं.

"आपल्यातलीच," अल्पेश म्हणाला आणि उगाचच आरशाशी खटपट करत राहिला.

हेमांगी, त्याची बायको, पिठाच्या हाताने दारात आली होती. सासूला हिरव्या लुगड्यात बघून तिचे डोळे भरले. ती हळूच म्हणाली, "चौलचं एकदा बघितलं असतंत. दहा मिनिटांवर आहे. मी रोज डबा घेऊन गेले असते."

"तिथं सोयी नाहीत," अल्पेश म्हणाला.

सोयी! आईच्या सोयीचं कारण पुढे करून माणूस स्वतःची किती सोय बघतो, ते अल्पेशकडून शिकावं. खरी गोष्ट गेटवरच्या पाटीवर होती. ‘ठमाआजीचं घर : राहण्याची व घरगुती जेवणाची सोय’ असं मोठ्या अक्षरांत, आणि शेजारी ठमाबाईचा हसरा फोटो. दहा वर्षांपूर्वी वाडीत चार खोल्या बांधल्या, तेव्हा नागावात खोल्यांना काय तोटा होता? पण मुंबई-पुण्याची माणसं अल्पेशकडेच यायची ती ठमाबाईच्या हातच्या वालाच्या बिरड्यासाठी, तांदळाच्या भाकरीसाठी. जाताना तिच्याबरोबर फोटो काढायची. त्या चेहऱ्यावर घर चाललं, गाडी आली.

मग हात विसरायला लागला. आधी बिरड्यात दोनदा मीठ, मग गॅस तसाच सुरू. एके दिवशी पहाटे ती पाहुण्यांच्या खोलीत शिरली, पलंगाच्या कडेला बसली आणि झोपलेल्या बाईला हलवून म्हणाली, "तुम्ही कोन? आमच्या घरात कशा?" बाई किंचाळली. नवऱ्याने बाहेर येऊन अल्पेशला विचारलं, "पाटीवरच्या आजी त्या ह्याच ना?"

अल्पेशच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो. ही त्यांची धाकटी बहीण. आजी लेकीकडे गेल्यात, सुरतेला."

एकदा निघालं ते निघालं. पुढच्या पाहुण्यांनाही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यांनाही. स्वयंपाकघरातून हेमांगीने ऐकलं आणि त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. ठमाबाई ओटीवर बसून ऐकत होती. तिने फक्त विचारलं, "सुरतेला कोन गेलंय?"

घरात तिला सांभाळणं आता खरंच हाताबाहेर गेलं होतं. हेमांगी स्वतःच्या साडीचा पदर तिच्या लुगड्याला बांधून झोपायची. तरी ओहोटीला ती एकदा किनाऱ्यावर सापडली, गुडघाभर पाण्यात उभी. ज्यांना या कामाची माहिती आहे अशांच्या घरी तिला ठेवणं, यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. चौलात विनिता नावाची निवृत्त नर्स होती, स्वतःच्या राहत्या घरात विसरभोळ्या झालेल्या पाचसहा जणींना सांभाळायची. सगळे तिचं नाव चांगलंच घेत. पण तिच्या शेजारचं घर म्हणजे भागुबाईचं माहेर, आणि भागुबाई ही नागावात अल्पेशच्याच आळीत फुलं विकणारी. भागुबाईला कळलं की आळीला कळलं, आळीला कळलं की पाहुण्यांना कळलं. पाटीवरची आजी सुरतेला नाही, चौलात आहे, लेकाने नेऊन ठेवलीय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. म्हणून अल्पेशने अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारं घर शोधून काढलं ते बोर्ली पंचतनच्या बाजूचं, जिथं त्याला ओळखणारं कुत्रंही नव्हतं.

रेवदंडा, साळावचा पूल, मुरूड असं करत गाडी आगरदांड्याला आली आणि फेरीबोटीवर चढली. ठमाबाई खाली उतरून कठड्याला धरून उभी राहिली. बोट दिघीकडे निघाली तशी तिच्या कपाळाला आठी पडली.

"मदी खाडी लागते व्हय?"

"छोटीशीच आहे, आये."

"खाडी छोटी असू दे न्हायतर मोठी. पलीकडं ती पलीकडंच," ती म्हणाली.

जागा मात्र छान होती, खोटं कशाला बोला. पोफळीच्या बागेत बैठी इमारत, भिंतींना धरायला लाकडी दांडे, फरशी कोरडी खडखडीत, कुठे वास नाही. तिथल्या मुख्य बाई मृणाली मॅडम दारात सामोऱ्या आल्या. आईला सांगितलेलं नाही, असं अल्पेशने फोनवर कळवून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी हसून नुसता नमस्कार केला.

"मुलगा घरात हाय का?" ठमाबाईने विचारलं.

मृणालीबाई क्षणभर गडबडल्या. अल्पेश त्यांच्या कानाशी पुटपुटला, "स्थळ बघायला म्हणून आणलीय." त्यांनी अल्पेशकडे जे पाहिलं ते रागाने नव्हतं, पण त्याला ते बघवलं नाही. मग त्या ठमाबाईला म्हणाल्या, "कामावर गेलाय, आजी. तुम्ही घर बघा ना."

ठमाबाईने घर बघितलं. पाण्याच्या पिंपाच्या तळाशी हात घालून बोट चोळून पाहिलं. स्वयंपाकघरात झाकण उचलून आमटीचा वास घेतला आणि मान डोलावली. व्हरांड्यात खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या म्हाताऱ्या बघून मात्र ती थबकली.

"एवढ्या सासवा?" ती अल्पेशच्या कानाशी म्हणाली. "पोरीनं कुनाकुनाचं ऐकायचं?"

मृणालीबाईंना हसू आवरेना. अल्पेशही हसला, आणि हसताना त्याला वाटलं, जमेल. आईला आवडतंय. संध्याकाळपर्यंत सगळं उरकेल. तो मृणालीबाईंबरोबर ऑफिसात गेला आणि औषधं, डॉक्टर, भेटीचे वार असं बोलत बसला. भेटीचे वार त्याने नीट ऐकलेसुद्धा नाहीत.

बाहेर आला तर ठमाबाई जागेवर नव्हती. पण ती कुठं असणार? तिने पाणी मागितलं होतं आणि पाणी आणायला गेलेल्या बाईच्या मागोमाग ती मागच्या दारी गेली होती. तिथं कपडे वाळत होते आणि एक बारकीशी म्हातारी टॉवेलच्या घड्या घालत बसली होती, घातलेल्या मोडून परत घालत होती. ठमाबाई तिच्या शेजारी उकिडवी बसली होती. दोघींच्या हातात एकाच टॉवेलची दोन टोकं होती.

"ही केसर," ठमाबाईने ओळख करून दिली, जशी काही दहा वर्षांची मैत्रीण. "पेणची हाय. नवीनच आलीय."

"केसरकाकूंना दोन वर्षं झाली," मृणालीबाई हळूच म्हणाल्या.

"खायला घालतात, न्हाऊ घालतात, कुनी वस्सकन अंगावर येत न्हाय, म्हनते," ठमाबाई म्हणाली. "घर चांगलं हाय."

अल्पेशने सुटकेचा श्वास सोडला. "मग झालं तर, आये."

"काय झालं? हिच्याकडं कुनी येत न्हाय." तिने टॉवेल केसरच्या मांडीवर नीट ठेवला आणि उठली. उठताना तिने अल्पेशच्या हाताचा आधार घेतला, पण त्याच्याकडे बघत होती ती लेकाकडे बघावं तशी नाही, एखाद्या परक्या वधूपित्याकडे बघावं तशी. "म्हनते, पयल्यांदा सनाला घरची मानसं यायची. मंग सनालाबी न्हाय. लांब पडतं ना. पोर न्हाय द्यायची हितं."

"पण घर चांगलं आहे म्हणतेस ना तू?"

"चांगलं हाय म्हनून तर इचारते. नागावपासून हितपरत वाटंत घरं न्हाईत व्हय? दहा घरं सोडून खाडीपल्याड पोर कोन देतो?" तिचा आवाज एकदम पूर्वीचा झाला, भावकीत बसून निकाल द्यायची तेव्हाचा. "ज्याला झाकायचं असतं तो लांब देतो. खोट कुनात हाय, खरं सांगा. पोरीत का तुमच्यात?"

अल्पेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मृणालीबाई वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघू लागल्या, आणि त्यांचं ते दुसरीकडे बघणं त्याला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. आई त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती. तिने त्याला प्रश्न विचारला होता आणि आज कधी नव्हे ते ती प्रश्न विसरत नव्हती.

"पोरीत नाही," तो म्हणाला.

"मंग?"

"माझ्यात."

"मंग तुमच्या खोटीपायी पोरीला वनवास कशाला?" ती म्हणाली आणि चालू लागली. गाडीपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.

परतीच्या बोटीवर तिने पुन्हा विचारलं, आपण कुठं गेलो होतो? त्याने सांगितलं, "स्थळ बघायला." कसं होतं? "लांब होतं," तो म्हणाला. मग धीर करून म्हणाला, "आये, हेमांगीला एकटीला आता तुला घरी सांभाळणं जमत नाही. तूच राहशील का, एखाद्या चांगल्या घरी?"

"मी?" ठमाबाई हसली, तोंडावर पदर धरून हसली. "मला कशाला? माजा अल्पेश हाय की नागावला. मोटं घर बांधलंय. भायेर माजा फोटो लावलाय, येनारा-जानारा बघतो."

अल्पेश पाण्याकडे बघत राहिला. सुरतेला गेलेली आई त्याच्या शेजारी उभी राहून त्याचं कौतुक करत होती, आणि त्याला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं. रडायलाही लाज वाटली.

रेवदंडा ओलांडल्यावर गाडी नागावच्या रस्त्याला सरळ न नेता त्याने चौलात आत वळवली. ऊन उतरलं होतं. त्या वेळेला ठमाबाई नेहमी बावरायची, तशी बावरली आणि त्याच्या शर्टाची बाही धरून बसली. विनिताचं घर शोधावं लागलं नाही. शेजारच्या ओटीवर भागुबाई बसलेली होती, माहेरपणाला आलेली, पुढ्यात फुलांची परडी. ज्याची भीती धरून तो खाडी ओलांडून गेला होता, ती नेमकी आजच तिथे हजर.

"अल्पेश? आईला घेऊन हिकडं कुठं?" तिने तिथूनच हाक दिली. "अन् तुझ्याकडचे पाव्हने तर म्हनत होते ती सुरतेला हाय?"

त्याला अजूनही सांगता आलं असतं, दर्शनाला आलोय म्हणून. चौलात देवळांना काय कमी? त्याने गाडी बंद केली, आईला हात देऊन उतरवलं आणि भागुबाईला ऐकू जाईल असं म्हणाला, "सुरतेला कुणी गेलेलं नाही, मावशी. मी खोटं सांगितलं होतं."

भागुबाईचा हात परडीतच राहिला. विनिता दार उघडून बाहेर आली, पदराला हात पुसत.

घर बघताच ठमाबाई सावरली. तिने पदर नीट घेतला, बाही सोडली आणि पुढे होऊन म्हणाली, "आमी स्थळ बघायला आलोय. पानी मिळंल का?"

विनिताने अल्पेशकडे पाहिलं. त्याची मान खाली होती.

"मुलगी बरोबरच आणलीय," तो म्हणाला. "हीच ती. माझी आई."

ठमाबाईने चटकन मागे वळून पाहिलं. गाडीकडे पाहिलं, गाडीमागे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. कुणीच दिसेना, तेव्हा ती विनिताजवळ सरकली आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "लाजते ती. जरा सांभाळून घ्या."