फुकटच्या वकीलबाई

वेल्डरने पहिल्याच भेटीत बाईंना तोडून टाकलं. कोर्टाच्या तळघरातली कोठडी, मध्ये जाळी, जाळीवर बोटांचा तेलकट मळ. बाईंनी आपलं नाव सांगायच्या आधीच त्याने विचारलं, "तुम्हाला पगार कोण देतं?"

"सरकार."

"आणि माझ्याविरुद्ध जो उभा राहणार, त्याला?"

"त्यालाही सरकारच."

"म्हणजे दोघं एकाच ताटात जेवता. मग माझं कोण?"

प्रश्न नवा नव्हता. ज्याला वकील परवडत नाही त्याला कोर्ट वकील देतं, आणि बहुतेकांना वाटतं की फुकट मिळालेल्या मालात काहीतरी खोट असणारच. इतकी वर्षं हेच काम करून बाईंनी कोणाची समजूत घालणं सोडून दिलं होतं. जीभ धारदार, कोर्टातले कारकून पाठीमागे त्यांना 'कात्री' म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "आवडो न आवडो."

वेल्डर लोखंडी फर्निचरच्या कारखान्यात कामाला होता. मालकाने त्याला काढून टाकलं, तेव्हा त्याने सगळ्या कामगारांसमोर मालकाला धमकी दिली. पुढच्याच आठवड्यात कारखान्याचं फोमचं गोदाम जळून खाक झालं. वेल्डरला पळताना आपण डोळ्यांनी पाहिलं, असं वॉचमनने लिहून दिलं होतं.

"कबूल केलंस तर शिक्षा कमी होईल," बाई म्हणाल्या. "कोणी मेलेलं नाही. विचार कर."

"कबूल करू? मी केलं की नाही, हे तरी विचारलंत का तुम्ही?"

"मला त्याची गरज नाही. वॉचमन काय म्हणतो, ते मला बघायचंय."

वेल्डर उठला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. भेट तिथेच संपली.

वर जिन्याच्या तोंडाशी त्याची मोठी बहीण वाट अडवून उभी होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची; ब्लीचने तिची बोटं पांढरीफटक पडली होती. "आम्ही चांगल्या वकिलाकडे गेलो होतो," ती म्हणाली. "फी ऐकली आणि आल्या पावली परत फिरलो. म्हणून तुम्ही. पण माझ्या भावाला काही झालं, तर जन्मभर तुमच्या नावाने खडे फोडीन."

"रांगेत उभ्या राहा," बाई म्हणाल्या. "पुष्कळ जण फोडताहेत."

खटला उभा राहिला त्या दिवशी वेल्डरने आरोपीच्या पिंजऱ्यातूनच सांगून टाकलं, "साहेब, मला या बाई नकोत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "दुसरं कोणी मिळणार नाही."

"मग माझं मी बघतो."

त्यांनी त्याला परोपरीने समजावलं. तो ऐकेना. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. विचार तुझे प्रश्न. पण बाई इथेच बसतील." बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. खरं सांगायचं तर त्यांना हायसंच वाटलं. बुडायचंय ना, बुड म्हणावं.

साक्षीला कारखान्याचा मालक होता. वेल्डरने सुरुवातच अरेतुरेने केली. "मला का काढलंस?"

"कामचुकार होतास म्हणून."

"खोटं. तू हलका पत्रा वापरतोस, हे मी गिऱ्हाइकाला सांगितलं म्हणून काढलंस."

"आणि तू काय म्हणाला होतास मला? सांग की साहेबांना."

"म्हणालो होतो, तुझं गोदाम पेटवीन. आत्ताही म्हणतो."

सरकारी वकिलाने मान खाली घालून हसू दाबलं. बहिणीने कपाळावर हात मारला. मालकाला मात्र चेव चढला. "ऐकलंत ना, साहेब? म्हणून तर वॉचमनचा फोन आला, कोणीतरी पळालं म्हणाला, तेव्हा मीच त्याला म्हटलं, कोणीतरी कसलं, तोच असणार. दुसऱ्या कोणाची छाती आहे?"

वेल्डरला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. तो अजून पत्र्यावरूनच भांडत होता. न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं आणि काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. बाईंनी मालकाचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

त्या तडक खाली कोठडीत गेल्या. "झालं समाधान?"

"त्या हरामखोराला मी—"

"तो हरामखोर तुझ्या बाजूने बोलून गेला आणि तुला पत्ताही नाही. उद्या वॉचमनला मी विचारणार. तू तोंड उघडलंस तर उठून निघून जाईन."

"माझा तुमच्यावर भरवसा नाही."

"माझा तुझ्यावर कुठे आहे?"

दोघांनी एकमेकांकडे खाऊ का गिळू अशा नजरेने बघितलं. मग "विचारा," असं तो थुंकल्यासारखं म्हणाला.

वॉचमन म्हातारा होता. साक्षीसाठी त्याने गणवेशाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली होती. आगीच्या उजेडात चेहरा स्वच्छ दिसला, असं त्याने सरकारी वकिलाला पाठ केल्यासारखं सांगितलं. मग बाई उठल्या.

"या वेल्डरला ओळखायचात?"

"हो. रोज गेटवर आमचा बरोबर चहा व्हायचा."

"आग दिसल्यावर फोन कोणाला केलात?"

"मालकांना."

"काय म्हणालात?"

म्हातारा मागे बसलेल्या मालकाकडे बघू लागला. "तिकडे नको, इकडे बघा," बाई म्हणाल्या.

"गोदाम पेटलंय म्हणालो. कोणीतरी पळालं म्हणालो."

"रोज बरोबर चहा पिणारा माणूस डोळ्यांदेखत पळाला, आणि तुम्ही म्हणालात, कोणीतरी?"

म्हातारा गळ्याजवळचं बटण चाचपू लागला.

"वेल्डरचं नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं?"

"मालकांच्या." त्याने मान खाली घातली. "मला पाठ दिसली, बाई. नुसती पाठ. पण नोकरी करायचीय मला."

वेल्डर सुटला. सोडताना न्यायाधीशांनी त्याच्या धमकीबद्दल त्याची चांगलीच हजेरी घेतली.

व्हरांड्यात मालकाने बाईंना गाठलं. "आग लावणाऱ्याला सोडवलंत. झोप लागते का तुम्हाला?"

"गाढ लागते," बाई म्हणाल्या. आग वेल्डरने लावली की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण ते मालकालाही ठाऊक नव्हतं, आणि तरी तो एका माणसाला तुरुंगात घालायला निघाला होता.

फाटकाशी बहीणभाऊ उभे होते. आभाराचं नावही नाही. "सुटलो तो माझ्यामुळे," वेल्डर म्हणाला. "मी भांडलो नसतो, तर मालक फोनचं बोललाच नसता."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते खरं होतं. पोलिसांच्या कागदांत त्या फोनचा उल्लेखच नव्हता, आणि वॉचमनने पहिली खबर कोणाला दिली, हे विचारायचं त्यांना स्वतःहून सुचलं नव्हतं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "आणि आणखी दोन वाक्यं बोलला असतास, तर आतच सडला असतास."

"आता सुटला ना तो," बहीण उसळली. "आता तरी त्याच्याशी नीट बोला."

"नीट बोलायला मला नेमलेलं नाही."

बहिणीने दातओठ खाल्ले. पण तिला अजून एक काम होतं. निर्दोष सुटल्याचा कागद दाखवल्याशिवाय तिच्या भावाला कामासाठी कोणी दारात उभं करणार नव्हतं. "निकालाची नक्कल कुठे मिळते?" तिने दुसरीकडेच बघत विचारलं.

"खिडकीवर अर्ज करा. पुष्कळ हेलपाटे घालावे लागतात."

एवढं बोलून बाई निघाल्या, दहा पावलं गेल्या, आणि चरफडत मागे वळून स्वतःच नकलेच्या खिडकीवर गेल्या.

"आजच्या आज पाहिजे," त्या कारकुनाला म्हणाल्या.

कारकून गालात हसला. "लाडका पक्षकार दिसतोय, बाई."

"अजिबात नाही. दोघांचं तोंड पुन्हा बघायला लागू नये म्हणून."

नक्कल व्हायला वेळ होता. बहीणभाऊ खिडकीजवळच्या बाकावर बसले. बाई व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या आणि पुढच्या खटल्याचे कागद उघडून वाचू लागल्या.