बटणवाल्यांच्या ओळीत

धोका-वर्गवारी कार्यालयात बाकं धंद्याप्रमाणे लावली होती. कुठल्या कामात कोणता रोग किती लागतो, हे भिंतीवरच्या तक्त्यात एकदाचं ठरलेलं; माणसांनी त्याच क्रमाने बसायचं. पहिलं बाक डॉक्टर-नर्सांचं. ते रिकामंच असे, त्यांना इथे यायला सवड कुठली? दुसऱ्यावर बालवाडीच्या बाई, तिसऱ्यावर खाटीक, असं करत करत भिंतीला टेकलेल्या शेवटच्या बाकावर एक घड्याळजी पेंगत होता.

"धंदा?" दाराशी बसलेल्या शिपाई मावशींनी आत आलेल्या मुलीला विचारलं.

"मुद्रितं तपासते. घरी बसून."

"मग तुम्हाला बाक नाही. उभ्या राहा. तुम्हाला काही होतच नाही."

ती उभी राहिली. शेजारच्या बाकावरचे म्हातारेबुवा कबरी खोदणारे निघाले. तिच्याकडे पाहून म्हणाले, "मला नववं बाक दिलंय. का, तर माझी गिऱ्हाइकं खोकत नाहीत! अहो, पण त्यांना पोचवायला आलेले माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडतात, शिंकतात. ते कोणत्या रकान्यात घालणार?"

"बरोबर आहे काका."

"बरोबर असून काय उपयोग? सतरा खेटे झाले."

तिचा हा चौथा. तिच्या बाबांनी एकतीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी त्यांना ताप भरला आणि अकराव्या दिवशी ते गेले. मग या कार्यालयाचं पत्र आलं: "धंदा वस्त्र व तत्सम, ओळ बावन्न. धोका नगण्य. सबब संसर्ग घरातून झाला." घरात होतं कोण? बाबा आणि आई. आईला त्या आठवड्यात खोकला होता. ऋतू पालटला की दरवर्षी येणारा, जुनाच. पण पत्र वाचलं त्या दिवसापासून आई खोकली नाही. ढास आली की ती मोरीकडे जायची, नळ सोडायची, पदर तोंडात धरायची आणि डोळे लाल करून परत यायची. मुलीला या कार्यालयाकडून दुसरं काही नको होतं. ते शेवटचं वाक्य तेवढं खोडून हवं होतं.

नंबर लागला. वर्गवारी साहेब काचेआड बसले होते.

"ओळ बावन्न," ते म्हणाले. "शिंपी, इस्त्रीवाले, बटणवाले. या ओळीत आजवर कोणी दगावलेलं नाही."

"बाबा दगावले."

"तेच तर. ओळीत बसत नाही, म्हणून घरात धरलं."

"पण ते इस्पितळात काम करत होते, साहेब."

साहेबांनी नकाशा उलगडला. "इस्पितळ इथे संपतं. या भिंतीपाशी. धुलाईघर भिंतीच्या पलीकडे."

"भिंतीला भोक आहे. त्यातून चादरी खाली येतात."

"चादरी येतात. त्यांना परवानगी आहे." साहेबांनी समजूत घालावी तसं म्हटलं. "तुमच्या वडिलांनी एकतीस वर्षांत रुग्ण किती पाहिले?"

"एकही नाही. रोज चारशे चादरी पाहिल्या. हाताने निवडल्या. कोटांचे खिसे उलटे केले, कारण डॉक्टर लोक खिशात सुया विसरतात. काम संपलं की तिथेच अंघोळ करायचे, कपडे बदलायचे, जोडेसुद्धा तिथेच ठेवायचे. घरी यायचे ते नुसते बाबा यायचे."

"म्हणजे माणूस काळजी घेणारा. काळजी घेणाऱ्याला कामावर लागण होत नाही. तुम्ही माझंच म्हणणं पक्कं करताय."

ती मागे वळली, तशी मावशींनी तिची बाही ओढली.

"त्यांचं काही आणलंय का, ताई?"

"एप्रन आहे. कामावरच्या कपाटातून परत आला."

"मग वेड्यासारख्या परत कुठे निघालात? नियम चौदा. कार्यालयातला माणूस ज्याला हात लावणार नाही, ते धोक्याचं. मागच्या साली मासेवाली टोपली घेऊन आली, साहेबांनी नाक धरलं आणि बाई एका दमात बारा ओळी वर!"

ती परतली. पिशवीतून एप्रन काढून काचेखालच्या फटीतून आत सरकवला. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, चारही कोपरे जुळवलेला. आजारी पडायच्या आदल्या दिवशी बाबांनी स्वतः उकळत्या पाण्यात धुतला होता. त्या इमारतीत त्याच्याइतकं स्वच्छ काही नव्हतं, साहेबांचे हातही नव्हते.

"हे काय?"

"बाबांचा एप्रन. धुलाईघरातला."

साहेबांची खुर्ची भिंतीला जाऊन आदळली. "उचला! आधी उचला तो!"

"ओळ बावन्न आहे, साहेब. धोका नगण्य. हात लावून बघा ना."

"मी टेबलकाम ओळीतला माणूस आहे! मला भलत्या ओळीत ढकलू नका!"

"नाही लावला हात!" नवव्या बाकावरून काका ओरडले. "आम्ही सगळे साक्षीदार!" घड्याळजीसुद्धा जागा होऊन मान हलवू लागला.

साहेबांनी लांबूनच, हात ताणून, लिहिलं: "सबब संसर्ग कामावरून झाला." शिक्का मारला. एप्रन चिमट्याने पिशवीत गेला आणि निर्जंतुक करण्यासाठी रवाना झाला. कुठे, तर इस्पितळाच्या धुलाईघरात. तिथले लोक बाबांची घडी ओळखतील, असं तिला वाटलं.

घरी आई भाजी निवडत होती. मुलीने पत्र वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच गं."

तिने पुन्हा वाचलं.

"म्हणजे कामावरून."

"हो. शिक्का आहे."

आईने कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. "यांना म्हटलं होतं मी, पुरे आता त्या चादरी," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य ढासेत अडकलं. सवयीने ती मोरीकडे जायला उठली. अर्ध्या वाटेवर थांबली, परत येऊन बसली आणि खोकली. बराच वेळ, मोठ्याने, पदर न लावता. मुलगी समोर बसून राहिली.