फेब्रुवारीच्या गाडीत ऑगस्टचा कार्बोरेटर

मित्रांनो, तुमची जन्मतारीख कुठेतरी कागदावर लिहिलेली असते. माझी मात्र माझ्या अंगावरच ठोकलेली आहे. मी एक जुना कार्बोरेटर आहे. लपवायचे म्हटले तरी मला वय लपवता येत नाही, आणि त्यावरूनच एकदा एका भल्या माणसाच्या जिवाला घोर लागला होता. ती हकिकत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा, अमेरिकेतल्या एका कारखान्यातला. वितळलेला धातू साच्यात ओतून मला घडवले, घासले, जोडले. शेवटी एका बाईने पोलादी ठसे माझ्या कडेवर धरून हातोडी मारली आणि महिना व वर्ष उमटवले. महिना ऑगस्टचा. शेवटचा आकडा जरा तिरका बसला. तिने तो पाहिला, खांदे उडवले आणि पुढच्याला हात घातला. माझे बारसे ते एवढेच.

माझे काम हवा आणि पेट्रोल एकत्र करून इंजिनाला पुरवण्याचे. ऐकायला सोपे वाटते, पण मीठ घालण्यासारखे आहे. जरा कमी पडले की इंजिन खोकते, जरा जास्त झाले की धूर ओकते. बरोबर पडले तर मात्र कोणाला माझी आठवणही होत नाही. म्हणून माझे नाव निघाले की मी घाबरतोच.

बऱ्याच मालकांच्या हाताखालून जाऊन माझी निळी गाडी मामांकडे आली. मामा म्हणजे गॅरेजचे मालक. त्यांची भाची लहानपणापासून गॅरेजमध्येच वाढली, ती 'मामा, मामा' करत मागे फिरायची, म्हणून गिऱ्हाइकेही त्यांना मामाच म्हणू लागली. जुन्या अमेरिकन गाड्या दुरुस्त करणारा असा हात दूरवर दुसरा नव्हता. मामा मला दर महिन्याला उघडून साफ करत आणि स्वतःशीच म्हणत, "याच्यासारखा गुणी दुसरा नाही." मी फुगून जात असे.

एका दुपारी गॅरेजच्या फाटकातच एक पांढरी गाडी आचके देत बंद पडली. ती डॉक्टरीणबाईंची. त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, जणू आमच्या निळीची जुळी बहीण. तिच्या कार्बोरेटरला तडा गेला होता आणि पेट्रोल गळत होते. बाईंची एक बाळंतीण पलीकडच्या गावी अडली होती. मामांनी लगेच पाना उचलला, स्वतःच्या गाडीचे बॉनेट उघडले आणि पाव तासात मला काढून पांढऱ्या गाडीत बसवले. "जा तुम्ही. चार दिवसांत तुमचाच दुरुस्त करून लावतो," एवढेच ते म्हणाले.

त्या चार दिवसांची अठ्ठावीस वर्षे झाली. बाईंचा तडकलेला कार्बोरेटर दुरुस्तीत पार फुटला. निळी गाडी पुढे सुटी सुटी होऊन इतर गाड्यांच्या कामी आली. केलेला उपकार विसरावा असे म्हणतात. मामा तो इतका पक्का विसरले की मी पांढऱ्या गाडीचाच आहे असे तेही मानू लागले. मला कुठे तोंड आहे, आणि असते तरी मी काय बोललो असतो?

मग बाईंचे गुडघे दुखू लागले. क्लच दाबवेना. गाडी एखाद्या संग्रहालयाला द्यावी, असे त्यांनी ठरवले. पण संग्रहालयाला दाखला हवा होता की, गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे. असा दाखला जुन्या गाड्यांची एक संस्था देते. संस्थेकडे भरवशाच्या कारागिरांची यादी असते. यादीतल्या कारागिराने आधी लेखी शब्द द्यायचा, मग संस्थेचा तपासनीस येऊन एकेक भाग पडताळतो. कारागिराने फसवले असे दिसले की त्याचे नाव यादीतून कायमचे कटते. मामांचे नाव त्या यादीत पहिले होते. आणि तपासनीस होती त्यांची भाची, मामांच्याच हाताखाली शिकलेली.

मामांनी गाडीचा प्रत्येक भाग भिंगाखाली पाहिला. दिवे पाहिले, काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा पाहिल्या, इंजिनावरचा क्रमांक पाहिला. फक्त मला पाहिले नाही. ज्याच्यावर नेहमी हात फिरतो त्याच्याकडे कोण निरखून बघतो? 'या गाडीतला एकही भाग बदललेला नाही' असे पत्र त्यांनी लिहिले आणि पाठवूनही दिले.

तपासणीला आठ दिवस उरले असताना ते मला घासायला बसले. रॉकेलच्या बोळ्याने वर्षानुवर्षांचे काळे निघाले आणि खालून माझी तारीख वर आली. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले. गाडी फेब्रुवारीत कारखान्यातून बाहेर पडली होती आणि मी त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. घर बांधून झाल्यावर भाजलेली वीट त्या घराच्या पायात कशी सापडेल? मामा स्टुलावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले की त्यांना ती दुपार आता आठवली आहे.

थोड्या वेळाने त्यांनी कानस उचलली. मित्रांनो, कानशीचे दात माझ्या कडेला टेकले तेव्हा मला जे वाटले ते मी कधीच विसरणार नाही. दोन-चार हात मारले असते की ऑगस्ट गेला असता आणि मी कोण, कधीचा, हे जगात कोणालाच सांगता आले नसते. कानस तशीच टेकून राहिली. मग त्यांनी ती बाजूला फेकली.

दुसऱ्या दिवसापासून जुन्या भागांच्या व्यापाऱ्यांना मामांचे फोन सुरू झाले. "फेब्रुवारीचा किंवा त्याच्या थोडा आधीचा हवा. जानेवारी, डिसेंबर, फार तर नोव्हेंबर. त्याहून जुना नको, कारखाना एवढा माल साठवून ठेवत नव्हता." एका व्यापाऱ्याकडे होता तो दुसऱ्याच इंजिनाचा निघाला. एकाकडचा गंजून छिद्र पडलेला. तिसऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, तारखेचं काय घेऊन बसलात? तुम्हाला कोणती पाहिजे ते सांगा."

मामा हळूच म्हणाले, "जानेवारी."

तपासणीच्या आदल्या दिवशी खोके आले. आतला कार्बोरेटर माझ्याच वयाचा होता, पण त्याची कड खरवडून तिथे ताजा जानेवारी ठोकला होता. मला त्याचा राग आला नाही, त्याची कीव आली. मामांनी त्या नव्या अक्षरांत तेल आणि काजळी चोळली. मला काढून फळीवर एका फडक्याखाली सारले आणि त्याला माझ्या जागी बसवले. चार नट आवळायला त्यांना एरवी दोन मिनिटे लागतात. त्या दिवशी पाना तीनदा हातातून पडला.

सकाळी भाची आली. हातात टॉर्च, छोटा आरसा, वही. डॉक्टरीणबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. भाची एरवी मामांना 'अरे मामा' म्हणते, पण कामावर असताना 'तुम्ही'. "तुम्ही जरा बाजूला व्हा," ती म्हणाली आणि कामाला लागली. काचा झाल्या. दिवे झाले. इंजिनावरचा क्रमांक तिने दोनदा वाचला आणि वहीत बरोबरची खूण केली. फडक्याच्या फटीतून मला सगळे दिसत होते, आणि तिचा हात जसजसा माझ्या जागेकडे सरकत होता तसतशी माझी पाचावर धारण बसत होती.

तिने कार्बोरेटरवर टॉर्च धरला. तारीख वाचली. मग तारखेवरून अंगठ्याचे नख फिरवले. ही मामांचीच शिकवण. जुन्या ठशाच्या कडा वर्षांनी बोथट होतात, नख त्यावरून सरकते. नव्या ठशाला ते अडते.

नख अडले. मी पाहिले. मामांनीही पाहिले.

भाचीने मान वर केली नाही. "हा पहिल्यापासूनचाच ना?" तिने विचारले.

"लिहून दिलंय की," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

डॉक्टरीणबाईंना यातले काही कळले नसावे. "या कार्बोरेटरने मला कधी दगा दिला नाही हो," त्या म्हणाल्या. भाचीने वहीत बरोबरची खूण केली. पान उलटले. सहीची जागा आली. तिने पेनचे टोपण काढले, आणि मामा एखादी गाठ सोडवावी तसे आपलीच बोटे चोळू लागले.

"थांब," ते म्हणाले. "सही करू नकोस."

"राहू दे, मामा."

"तुझं नख अडलं."

"नाही अडलं."

"अडलं. मी बघितलं. तुला ते मीच शिकवलंय, मला काय सांगतेस?"

भाचीचे डोळे भरून आले होते. "मला दिसलं नाही, असं म्हणायची माझी तयारी आहे," ती म्हणाली. "एकदाच तर."

"तेच तर नको," मामा म्हणाले. "माझं नाव गेलं तर म्हातारा चुकला म्हणतील, चार दिवसांनी विसरतील. तू तपासलेल्या गाड्यांवर उद्या कोण विश्वास ठेवील? मी तुला डोळे उघडे ठेवायला शिकवलं, आणि आज माझ्याचसाठी तू ते मिटतेस. हे मला बघवत नाही."

ते फळीपाशी आले, फडके बाजूला केले आणि मला दोन्ही हातांत धरून तिच्यापुढे ठेवले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची दुपार, पत्र, फोन, खोके, सगळे त्यांनी उभ्या उभ्या सांगितले. डॉक्टरीणबाई ऐकतच राहिल्या. "तुमच्या स्वतःच्या गाडीतला दिलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नंतर माझाच दुरुस्त करून परत लावलात."

भाचीने माझी तारीख वाचली. नख फिरवले. ते अलगद सरकले. "अरे मामा," ती रडत म्हणाली, "हा ऑगस्टचाच राहू दिला असतास तर मी नुसता शेरा लिहिला असता. 'एक भाग दुसऱ्या गाडीचा.' दाखलाही दिला असता. मला एक फोन का नाही केलास?"

"लाज वाटली," मामा म्हणाले.

तिने त्या जानेवारीवाल्याला उतरवून घेतले आणि मामांनी मला परत माझ्या जागी बसवले. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. दाखला मिळाला, शेऱ्यासकट. मग भाचीने पिशवीतून कारागिरांची यादी काढली आणि मामांच्या देखत त्यांच्या नावावर रेघ मारली. माझ्यामुळे नाही, त्या बिचाऱ्या दुसऱ्यामुळे. रेघ मारताना तिचा हात डगमगला नाही. मामांनी ते पाहिले आणि मान हलवली. शिकवलेले वाया गेले नाही, असे त्यांना वाटले असावे. पण संध्याकाळी ते एकटेच बराच वेळ हात धूत होते.

आता मी संग्रहालयात आहे. बॉनेट उघडे ठेवलेले असते. पेट्रोल काढून घेतले आहे, त्यामुळे मला काही काम नाही. शाळेतली मुले येतात, दिव्यांपाशी फोटो काढतात, माझ्याकडे फारसे कोणी बघत नाही. माझ्याशेजारी भाचीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली एक चिठ्ठी लावली आहे: 'हा कार्बोरेटर या गाडीचा मूळ भाग नाही. गाडी अडली होती तेव्हा मामांनी तो स्वतःच्या गाडीतून काढून दिला.'

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर ती जरूर घासा, तेल घाला, वापरा. फक्त तिच्यावरची खूण खरवडू नका, मग ती कितीही तिरकी असो. आणि हातून चूक झाली असे कळले तर कानस शोधू नका, आपल्या माणसाला फोन करा. मामा कधीमधी इथे येतात, माझ्यापुढे उभे राहतात. चिठ्ठी वाचत नाहीत, ती त्यांना पाठ आहे. रखवालदाराची नजर चुकवून ते माझ्या तारखेवरून अंगठा फिरवतात आणि घरी जातात.