दारातलं तण

फुलांतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कपाशीची पराटी विचारा, ज्वारी विचारा, तूर विचारा. कोंबानं जमिनीतून डोकं काढलं की मी त्याचं नाव-गाव सांगेन. दुसरबीडपासून दोन कोसांवर आमचं गाव. महादेवरावाच्या वावरात तण शोधून दाखवा, अशी माझ्या नावानं पैज त्या गावात लागायची. ही बढाई नाही. निदान तेव्हा तरी नव्हती.

फुलं हे खातं माझ्या बायकोचं, अन्नपूर्णाबाईचं. दारापासून कुंपणापर्यंत दहा-बारा हातांची एक पट्टी होती. तिथे ती दरवर्षी झेंडू, तेरडा आणि गुलबक्षी लावायची. लावायची म्हणणंही जास्तच झालं. ना वाफा, ना रोप, ना ओळ. काडीनं माती उकरायची, मूठभर बी फेकायचं, पायानं माती लोटायची आणि घरात भाकरी टाकायला जायचं. मी ओसरीवरून चिडवायचो, "बरी हाये तुही शेती. ना नांगर, ना वखर."

"तुमच्या वावराले बैल लागते," ती म्हणायची, "माह्या वावराले माहा पाय पुरते."

दसऱ्याला अर्ध्या गल्लीची तोरणं त्या पट्टीतल्या झेंडूची असत. मी त्या तोरणाखालून वाकून ये-जा करायचो, एवढाच माझा फुलांशी संबंध.

सहासष्ट सालच्या चैत्रात ती गेली. जाण्याआधी आठ दिवस, अंगात ताप असताना मला म्हणाली, "यंदा बी तेवढं टाकजा. काई करा लागत नाई त्याले. निस्तं फेकलं तरी उगवते." मी हो म्हणालो. आजारी माणसाला आपण म्हणतो तसंच, लक्ष न देता.

त्या वर्षी घरात सण नव्हता, म्हणून बी टाकलं नाही. अंगणात आपसूक काही उगवलं असेल तर ते गुरांनी खाल्लं असेल. मी पाहिलं नाही. मुलगी रुख्मिणी चिखलीला दिलेली. तेराव्यानंतर ती सासरी परतली आणि मी एकटा उरलो. भाकरी थापायला शिकलो. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस बैलांशी बोलतो, आणि बैल चरायला गेले की स्वतःवरच डाफरतो. शेजारच्या केसरबाईच्या घराशी कुंपण कोणी सरकवलं यावरून माझा तीन वर्षांचा अबोला होता. बायकांचा नव्हता, त्या दोघी त्याच कुंपणावरून तासन् तास बोलायच्या. आता कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शांतता होती.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या मृगात रुख्मिणीचं कार्ड आलं. 'बाबा, दसऱ्याला येते. तोरण आईच्याच झेंडूचं करू.' तेव्हा मला माझा 'हो' आठवला.

बी देवळीतल्या गाडग्यात सापडलं. हिरव्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या तीन पुरचुंड्या. एकीत मिरीसारखे काळे दाणे, एकीत बारीक बी, आणि एकीत वाळलेल्या झेंडूचं कुसळासारखं बी. गाठी तिच्या हातच्या होत्या; सोडवायला मला बराच वेळ लागला. शेतकरी सगळं बी कधी पेरत नाही. मूठभर राखतोच, दुबार पेरणीची पाळी आली तर म्हणून. हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या दिवशी मनात आलं, राखायचं कुणासाठी? सगळं फेकलं, पायानं माती लोटली आणि वावरात निघून गेलो.

मग पेरणी, डवरणी, निंदण. घरी यायचो ते झोपायलाच. आषाढात आठ दिवस झड लागली, आणि उघडल्यावर पाहिलं तर अंगण हिरवंगार माजलेलं. बोटभर, वीतभर, वाट्टेल तसं. दारात एवढं रान बघून मला माझीच लाज वाटली. पोरगी आली तर म्हणेल, आई गेली आणि बाबांनी घराचं रान केलं. खुरपं घेतलं आणि बसलो. ओळीत उभं असेल ते पीक आणि ओळीबाहेर असेल ते तण, हे माझ्या हाताला पन्नास वर्षं ठाऊक. तिथे ओळ नव्हतीच. दोन तासांत पट्टी तळहातासारखी साफ केली, सगळं पाटीत भरून उकिरड्यावर टाकलं आणि समाधानानं जेवायला बसलो.

हात धुतले होते. तरी पहिला घास तोंडाशी नेला आणि दसऱ्याचा वास आला.

बोटांना झेंडूच्या पाल्याचा वास होता. आषाढात, भर दुपारी. घास ताटात ठेवला आणि तसाच उकिरड्याकडे धावलो. उन्हानं सगळं मान टाकून पडलं होतं, तण कुठलं आणि फूल कुठलं ते ओळखू येईना. त्यातलं जे जरा ताठ दिसलं ते ओंजळीनं आणलं, काठीनं भोकं पाडली आणि एकेक रोप लावत गेलो. सवयीनं ओळीतच. वर पळसाची पानं झाकली, पाणी घातलं.

"भाऊजी, काय करून राह्यले?" कुंपणापलीकडून केसरबाईनं विचारलं. चार वर्षांनी पहिल्यांदा.

"दिसत नाई का? फुलं लावून राह्यलो."

ती कुंपणाजवळ आली, वाकून पाहिलं. "हे तं दुधीचं तण हाये. हे माठ. हा केना. हे बी तणच." बोट दाखवत ती ओळभर चालत गेली. "हे तीन झेंडू. बाकी समदं तण लावलं तुमी."

"आन तेरडा?"

"तेरडा इथं एक बी नाई. उपटलं काऊन पण?"

"मले वाटलं तण हाये."

तिनं उकिरड्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "चाळीस वर्सं तुमच्या दारात उगवत होतं ते, भाऊजी."

एवढंच. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो. चाळीस वर्षं मी त्या पट्टीच्या शेजारून वावरात गेलो आणि वावरातून आलो. जी बाई तिथे वाकून बसायची तिला मी चिडवलं, पण ती काय पाहते आहे ते एकदाही वाकून पाहिलं नाही. केसरबाई गेल्यावर मी तिथेच चिखलात बसलो आणि रडलो. बायको गेली त्या दिवशी चार माणसांत रडलो होतो. हे रडणं वेगळं होतं.

केसरबाईकडे बी मागावं असंही मनात आलं. पण तिच्या दारात बकऱ्या. त्या काही उगवू देत नसत. तिची तोरणंही आमच्याच पट्टीतली. म्हणजे माझ्याकडच्या तीन रोपांत काय ते होतं.

दोन सुकली. एक जगलं. गुलबक्षी कंदावरून श्रावणात आपणहून फुटली. तेरडा गेला तो गेला. त्या एका रोपाला मी जेवढं जपलं तेवढं पराटीला कधी जपलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यावर सात फुलं होती.

रुख्मिणी आली, पिशवी ओसरीवर टाकून थेट पट्टीकडे गेली. "बाबा, एवढीच?" मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. सकाळी आंब्याची पानं आणि सुई-दोरा घेऊन आली आणि फुलाला हात घालणार तोच मी म्हणालो, "तोडू नको."

"दसऱ्याले दार तसंच ठेवता? लोक काय म्हणतीन?"

"म्हनू दे. बी धरू दे त्याले."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सुई पदराला टोचून ठेवली. नुसत्या आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. संध्याकाळी सोनं द्यायला केसरबाई आली. दाराकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं रुख्मिणी गेली.

फुलं झाडावरच वाळू दिली. बी माझ्या जुन्या धोतराच्या चिंधीत बांधलं. तिच्यासारखी गाठ मला येत नाही. पुढच्या मृगात अर्धं फेकलं, अर्धं राखलं. पंधरा दिवस रोज सकाळी पट्टीत उकिडवा बसलो. झेंडूचा कोंब जमिनीतून येतो तेव्हा त्याला दोन लांबट, साधी पानं असतात. कातरलेली पानं मागून येतात. खालच्या देठाला किंचित लाली असते. आता तो मला दोन पानांवर ओळखू येतो, हजार तणांतून.

हे मी केसरबाईला दाखवलं, रुख्मिणीला कार्डावर लिहिलं. ज्या बाईला हे ऐकून सगळ्यांत जास्त हसू आलं असतं, तिला सांगायचं राहिलं.