हिरव्या व्हॅनची बाजू

मित्रांनो, माझ्या पाठीवर सात रंग आहेत आणि त्या रंगांमधून जाणारा एक गोल ओरखडा आहे. रंग कारखान्यातून मिळाले, ओरखडा प्रेमापोटी मिळाला. मी एक जुनी सीडी आहे. जाणकार मला डीव्हीडी म्हणतात, पण घराघरांत सगळे सीडीच म्हणत आले. हाक मारणारा आपुलकीने मारत असेल, तर मी नावासाठी अडून बसत नाही.

मी गाण्यांची नाही, सिनेमाचीही नाही. मी व्हिडिओ गेमची आहे, आणि तोही चोर-पोलिसांचा. माझ्या डबीवर ठळक आकड्यांत अठरा लिहिलेलं आहे. म्हणजे तेवढे मोठे होईपर्यंत तुम्ही माझ्या वाटेला जायचं नाही, नुसती माझी हकीकत ऐकायची.

माझ्याआधी माझी थोरली बहीण आली. तिच्या पोटात अख्खं शहर होतं. रस्ते, पूल, दुकानं, गोदी, आणि मन मानेल तिकडे भटकायची मोकळीक. त्या शहराचा नायक दरोडेखोर होता. लोकांनी थोरलीला डोक्यावर घेतलं. मग वर्षभराने ते शहर रचणाऱ्या मंडळींच्या मनात आलं, की एवढ्या मोठ्या शहरात काय एकट्या नायकाचीच गोष्ट घडते? रस्त्याच्या कडेला उभी असणारी, नायकाच्या शिव्या खाणारी, दोन क्षण दिसून नाहीशी होणारी माणसं असतात, त्यांनाही घरदार असेलच की. म्हणून त्यांनी त्याच शहरात, त्याच दिवसांत घडणाऱ्या आणखी दोन गोष्टी रचल्या. एक व्हॅनवाल्याची, दुसरी किल्ल्या बनवणाऱ्या बाईची. त्या दोन गोष्टी म्हणजे मी.

कारखान्यात तापलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून मला घडवलं, अंगावर चांदीसारखा पातळ थर चढवला आणि तोंडावर रंगीत चित्र छापलं. डबीच्या मागे, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. 'हा खेळ स्वतंत्रपणे चालतो. मूळ सीडीची गरज नाही.' ती ओळ कोणी वाचली नाही आणि माझी उमेदीची वर्षं त्यापायी फुकट गेली.

ज्या दुकानात मी विकायला आले, तिथल्या मालकाचा चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला असायचा. तो डोळ्यांवर कमी आणि पोटावर जास्त. त्याने ती ओळ वाचली नसावी यात नवल नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तो ठासून सांगायचा की ही पुरवणी आहे, थोरली घरी नसेल तर हिचा उपयोग चहाच्या कपाखाली ठेवायला. गिऱ्हाईक हसायचं आणि मी खालच्या खणात परत जायचे. धाकट्या भावंडांनी असली बोलणी बरीच ऐकलेली असतील, त्यांना माझं दुःख कळेल.

एके दिवशी बोटांना ग्रीस लागलेला एक तरुण आला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत, तेव्हा मीही तेच म्हणते. थोरली त्याच्याकडे होती, म्हणून त्याने मला घेतलं. मालकाने मला पिशवीत घालताना एक धडा मात्र फार मोलाचा दिला. सीडी कधी गोल गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची. गोल पुसली की ओरखडा माहिती कोरलेल्या गोल रेघेबरोबर धावतो आणि गोष्ट मध्येच तुटते. धाकट्याने ते यंत्र जपणाऱ्या माणसाच्या कानांनी ऐकलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आई, शहराची बस चालवणारी ताई आणि हा धाकटा. गेमचं यंत्र ताईने पहिल्या पगारात आणलेलं, त्यामुळे ते ताईचं. थोरली सीडी धाकट्याची. आणि मी, अजून कोणाचीच नाही. कारण धाकट्याने पण केला होता की थोरलीतला खेळ शंभर टक्के पूर्ण झाल्याशिवाय पुरवणीला हात लावायचा नाही. मी टीव्हीशेजारच्या फळीवर जाऊन बसले. तिथून बाहेरची खोली पूर्ण दिसायची आणि ऐकूही यायची.

धाकट्याचं सगळं छान चाललं होतं, फक्त एका पुलावर गाडी अडायची. नायक बँक लुटून मोटार पिटाळत पुलावर येतो, तर पुलाच्या मधोमध एक हिरवी व्हॅन आडवी उभी. रस्ता बंद. नायकाला मोटार सोडावी लागते, अर्धी लूट टाकावी लागते आणि जिन्याने नदीकाठी उतरून जीव घेऊन पळावं लागतं. काहीही केलं तरी ती व्हॅन हलत नसे. धाकटा त्या व्हॅनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आणि मी फळीवर चडफडायचे, कारण ती व्हॅन तिथे का उभी होती ते माझ्या पोटात होतं.

मग आई आजारी पडली. उजेड हवा म्हणून तिची खाट बाहेरच्या खोलीत, माझ्या फळीसमोर आली. आता मी जे सांगते ते त्या घरात फक्त मी ऐकलं आहे. एका दुपारी धाकटा औषध आणायला खाली गेला होता. आईने उशीखालचा फोन काढला आणि ताईला लावला. ताई डेपोत होती, तिच्या दोन फेऱ्या अजून बाकी होत्या.

"डॉक्टर तुला काल जिन्यात काय म्हणाले, ते मला कळलंय," आई म्हणाली. "ते जाऊ दे. तू निघून येऊ नकोस. तू धावत आलीस की त्याला कळेल. मला आज त्याच्याशी नुसत्या गप्पा मारायच्यात. त्याला सांगू नकोस काही. आणि रडू नकोस, गाडी चालवायचीय तुला."

धाकटा परत आला तेव्हा आईने त्याला खेळ लावायला सांगितला. म्हणाली, बघू तरी तू एवढा कोणावर ओरडतोस. ती दुपार मी विसरणार नाही. आई इतकी हसली, इतकं विचारत राहिली, की धाकट्याला वाटलं औषध लागू पडलं. उन्हं कलली तशी ती एकाएकी गप्प झाली. त्याने ताईला सात वेळा फोन केला. बस चालवताना फोन पिशवीत बंद ठेवायचा असतो, हे त्यालाही माहीत होतं. ताई दोन्ही फेऱ्या पूर्ण करून, अंगावरच्या गणवेशात घरी पोचली, तेव्हा सगळं संपलं होतं.

"बस महत्त्वाची होती तुला," धाकटा म्हणाला.

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड नसल्याचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं पुढे कपाखाली पडूनही वाटलं नाही.

महिन्याभरात ताईने डेपोजवळ खोली घेतली. तुझं यंत्र तू ने, असं धाकटा तुटकपणे म्हणाला. थोरली मात्र त्याने स्वतःकडे ठेवली. म्हणजे त्याच्याकडे सीडी, पण लावायला यंत्र नाही, आणि हिच्याकडे यंत्र, पण लावायला सीडी नाही. दोघांचाही हट्ट तसाच अर्धा अर्धा. मी फळीवरून यंत्राच्या खोक्यात कधी गेले ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. खोक्यातून निघाल्यावर ताईने मला टेबलावर ठेवलं आणि माझ्या डबीवर चहाचा कप टेकायला लागली. दुकानदाराचं बोलणं असं शब्दशः खरं झालं. दोन वर्षं बहीण-भावांत एक अक्षर बोलणं नव्हतं, आणि डबीवर चहाची वर्तुळं वाढत होती.

एका सुट्टीच्या दिवशी ती वर्तुळं पुसताना ताईने डबी उलटी केली. रस्त्यावरच्या पाट्या वाचत जगणारी बाई ती, तिच्या नजरेतून मुंगीएवढी ओळही सुटली नाही. तिने ती दोनदा वाचली. मग यंत्राच्या तारा जोडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी फिरले.

काय सांगू तो आनंद! आणि काय सांगू ताईचं खेळणं! गोष्ट व्हॅनवाल्याची होती, म्हणजे तिच्याच धंद्यातली. पण ती लाल सिग्नलला थांबायची. वळताना हात दाखवायची सोय नाही म्हणून कुरकुरायची. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला वाट द्यायला थांबली म्हणून पोलिसांनी तिला दोनदा पकडलं. त्या शहरातल्या गुन्हेगारीला वाहतुकीचे नियम कळले ते ताईमुळे. असं करत करत तीन सुट्ट्यांनी ती पुलापाशी पोचली.

माझ्या गोष्टीत व्हॅनवाला नायकाचा जुना सोबती असतो. त्याला कळतं की पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोलीस बंदुका रोखून बसलेत. नायकाला निरोप द्यायला वेळ नाही. मग तो आपली हिरवी व्हॅन पुलावर आडवी घालतो. मोटार करकचून थांबते, नायक खिडकीतून त्याला शिव्या घालतो आणि जिन्याने निसटून जगतो. व्हॅनवाला काही बोलत नाही. तो तिथेच बसून राहतो आणि पकडला जातो.

ताईने खेळ थांबवला. ती पडद्यासमोर बसूनच रडली. चांगली हुंदके देऊन रडली, दोन वर्षांचं रडली.

पुढच्या सुट्टीला तिने यंत्र पिशवीत भरलं. निघण्याआधी मला स्वच्छ करावं म्हणून गणवेशाच्या जाड रुमालाने, फुंकर घालघालून, चांगलं गोल गोल पुसलं. दुकानदाराचा धडा तिने कुठे ऐकला होता? रुमालातला धुळीचा कण माझ्या पाठीवर एक पूर्ण फेरी मारून आला. बोंबलायची सोय असती तर मी बोंबलले असते.

धाकट्याने दार उघडलं आणि पिशवीकडे पाहिलं. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही, आत जाऊन चहा टाकला. ताईने तारा जोडल्या.

"ही एकटी चालते," ती म्हणाली. "लाव. पुलापर्यंत खेळ, मग मी जाते."

तो खेळला. सुरुवातीला बहिणीवर उपकार केल्यासारखा, आणि मग रंगून. दुपार झाली. चहा निवून गेला. हिरवी व्हॅन त्याच्याच हातात आहे हे ध्यानात आलं तसा तो सावरून बसला. समोर पूल दिसायला लागला, आणि नेमकी तिथेच मी अडले. चित्र गोठलं. माझी पाठ जिथे सोलवटली होती, पूल तिथेच होता.

ताईचा चेहरा पडला. ती उठून पिशवी शोधायला लागली. धाकट्याने मात्र मला बाहेर काढून उजेडात तिरकं धरलं. "गोल पुसलीस ना?" एवढंच म्हणाला. मग मऊ कापड आणलं, त्यावर मुगाएवढी टूथपेस्ट घेतली आणि लिफ्टचा नाजूक भाग हाताळावा तसा मला पुसत बसला. मधून कडेकडे, मधून कडेकडे. ताई उभीच होती.  मी ठरवलं, आज फुटले तरी चालेल, पण पूल दाखवायचाच.

मी चालले. थोडी कुरकुरले, पण चालले. त्याने स्वतःच्या हाताने व्हॅन आडवी घातली. समोरून मोटार येऊन थांबली आणि नायक त्याच्यावर ओरडला. या खोलीत तो स्वतः जे जे ओरडायचा, जवळजवळ तेच. धाकट्याने हातातला रिमोट हळूच खाली ठेवला.

"ताई," तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "त्या दिवशी तू का नाही आलीस?"

मग ताईने सांगितलं. आईचा फोन, जिन्यातले डॉक्टर, गप्पांची ती दुपार, सगळं. दोन फेऱ्यांत प्रत्येक थांब्यावर दार उघडताना काय वाटत होतं, तेही. आणि शेवटी म्हणाली, "त्याला सांगू नकोस, असं म्हणाली होती. त्या दिवसापुरतं की कायमचं, ते विचारायचं राहून गेलं."

 धाकट्याने तिचा हात धरला, टूथपेस्ट लागलेल्या बोटांनी. मग ताई म्हणाली, "त्या दुपारी काय काय बोलली ती? मला काहीच माहीत नाही. सांग ना."

आणि त्याने सांगितलं. उशी कितीदा सारखी करून घेतली इथपासून. तिने व्हॅनवाल्याची बाजू कशी घेतली, आणि अरे त्याचंही काही कारण असेल, असं म्हणून कशी हसली, ते त्याने तिच्या आवाजात करून दाखवलं. ताई ऐकत राहिली. जी दुपार तिने सोडली होती, ती तिला दोन वर्षांनी भावाच्या तोंडून मिळाली.

मित्रांनो, आता मला लावायचं यंत्रच कोणाकडे फारसं उरलेलं नाही. थोरली आणि मी एका फळीवर शेजारी शेजारी असतो, आणि ती आताशा मला पुरवणी म्हणत नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी सापडली, तर तिला मधून कडेकडे पुसा आणि डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. आणि कोणी तुमच्या वाटेत आडवं उभं राहिलं, तर शिव्या घालण्याआधी त्याला कारण विचारा. धाकट्याला विचारायला दोन वर्षं लागली.

ताई सुट्टीच्या दिवशी अजून येते. हिरवी व्हॅन काढते, त्या शहरातून सावकाश हिंडते आणि लाल सिग्नल लागला की थांबते. मागच्या गाड्या भोंगे वाजवून जीव काढतात. धाकटा शेजारी चहा पीत बसलेला असतो, आणि तो तिला पुढे जा म्हणत नाही.