टाकीतला जीव

रॉइसच्या गळाच्या आमिषांच्या दुकानात, कॉफीच्या यंत्रावर, एक फळा टांगलेला आहे. आमच्या तळ्यातल्या सगळ्यात मोठ्या बास माशाचं वजन आणि तो धरणाऱ्याचं नाव त्यावर लिहितात. कित्येक वर्षं तिथं एकच नाव आहे, विलोडीन. ही विलोडीन म्हणजे माझ्या नवऱ्याची, डॉइलची, पहिली बायको. ती जाऊन सहा वर्षं झाली आणि डॉइलशी माझं लग्न होऊन तीन. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे मलाही कळतं. पण कॉफी घ्यायला गेलं की ती बाई रोज माझ्या डोक्यावर बसलेली, त्याला मी काय करू?

तिची भांडी मी वापरते, तिच्या गुलाबांना पाणी घालते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फळा मात्र डोळ्यांत खुपायचा.

म्हणून ऑगस्टमधल्या नवरा-बायकोंच्या मासेमारीच्या स्पर्धेत माझ्या गळाला एक भलामोठा मासा लागला, तेव्हा मला आधी फळाच आठवला. डॉइलनं जाळं खाली घालून त्याला वर घेतलं, हातातल्या वजनकाट्याला लावलं आणि काटा माझ्याकडे वळवला.

"विलोडीनपेक्षा पाव पौंड जास्त," तो म्हणाला. "मादी आहे. एवढी मोठी म्हणजे मादीच असणार."

"बायकांना वजनावरून बोलू नये," मी म्हणाले, पण मला आनंद आवरत नव्हता.

आमच्याकडे मासा धरणं हे निम्मंच काम. तीन वाजता रॉइसच्या धक्क्यावर स्पर्धेचा वजनकाटा उघडतो, तिथं तो शेपूट हलवत पोचला पाहिजे. मासा मेलेला असेल तर नाव फळ्यावर चढत नाही. तोवर त्याला होडीच्या मागच्या टाकीत ठेवायचं. पंप तळ्याचं पाणी आत घेतो आणि फवारा मारून त्यात हवा मिसळतो. ऑगस्टात तळंच न्हाणीघरासारखं कोमट, म्हणून पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या आम्ही टाकीत सोडतो, बुचं घट्ट लावून. नुसता बर्फ टाकायचा नाही. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं माशाचे कल्ले जळतात.

दुपारी पंप घरघरला आणि बंद पडला.

"फ्यूज गेला," डॉइल म्हणाला. "डब्यात दुसरा होता तो कुठंय?"

"गवत कापायच्या गाडीला लावलास की. मी म्हणाले होते, राहू दे."

"म्हणाली होतीस," त्यानं मान्य केलं. मग कॉफीचा रिकामा डबा घेतला, टाकीतलं पाणी भरून उंच धरला आणि वरून ओतू लागला. चहा निववायला वर-खाली करतात, अगदी तसा. त्यानं पाण्यात हवा जाते. मी टाकीवर छत्री धरली. त्याचे गळ तसेच आडवे पडलेले.

"अरे, स्पर्धेला अजून चार मासे लागतात आपल्याला. मी ओतते, तू गळ टाक."

"स्पर्धा गेली खड्ड्यात. तुझा मासा पोचवायचाय."

डॉइल हरायला तयार होतो हे मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. पत्त्यांतसुद्धा नाही. मला एकदम भरून आलं.

होडी भरधाव हाकण्यात अर्थ नव्हता. लाटांवर आदळूनच मासा गेला असता, आणि पोचून तरी काय, काटा बंद. म्हणून ओतत राहिलो. बाटल्या वितळल्या. थोड्या वेळानं टाकीतली ती मादी एका कुशीवर कलली.

डॉइलनं डबा माझ्या हातात दिला, गुडघे टेकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत घातले. एक हात तिच्या पोटाखाली, एक शेपटीशी. तिला सरळ धरून तो हळूहळू पुढं-मागं करू लागला. मी ओतत होते. तो तिच्याशी बोलायला लागला.

"दम धर गं. हळू घे श्वास. घाई नाही. मी इथंच आहे. एवढा उन्हाळा काढ, विलोडीन."

आपण काय बोललो ते त्याला कळलंच नाही.

खरं सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मासा माझा, दिवस माझा, आणि इथंही तीच. चांगलं तिखट वाक्य जिभेवर आलं होतं. पण मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिळून टाकलं. तो होडीत नव्हताच. तो आमच्या घराच्या मागच्या खोलीत होता. विलोडीनची फुप्फुसं गेली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरायचा नाही, म्हणून हा बाबा अख्खा उन्हाळा तिला पाठीशी धरून बसला होता. हे मला गावानं सांगितलं होतं. त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

आता ही त्याच्या हातात गेली तर? मला फळ्याची हाव होतीच, अजून होती. पण त्या माणसाच्या हातात पुन्हा काही मरायला नको होतं.

मी डबा खाली ठेवला. "डॉइल, सोडून देऊ या तिला."

"काय? तासाभराचा तर प्रश्न आहे. पोचेल."

"आणि नाही पोचली तर?"

त्यानं टाकीतल्या आपल्या हातांकडे पाहिलं.

"नाल्याच्या तोंडाशी झऱ्याचं गार पाणी आहे. मी होडी नेते. तू हात काढू नकोस."

"अर्लीन, अगं, फळा..."

"फळा गेला चुलीत."

मी अगदी सावकाश होडी नेली. नाल्याशी झाडांची सावली होती. डॉइलनं तिला उचलून काठावरून गार पाण्यात धरलं. कल्ले हलत होते, पण शेपूट हलेना. बराच वेळ गेला.

"जा की गं भवाने," मी म्हणाले. "किती लाड करून घेशील?"

तिनं एकदा अंग वळवलं. मग त्याच्या हाताला असा हिसडा दिला की आमच्या दोघांच्या तोंडावर पाणी उडालं, आणि ती खाली गेली.

डॉइल तसाच ओणवा राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. मी जाऊन शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. त्यानं विचारलं, "मघाशी मी नाव घेतलं का तिचं?"

"घेतलंस."

"राग आला?"

"आला."

"मग?"

"मग काय? सांग मला तिच्याबद्दल. पहिल्यापासून सांग. आता कुठं जायची घाई आहे आपल्याला?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं, पाण्याकडे पाहिलं.

"तिला मासेमारीचा भयंकर कंटाळा होता," तो म्हणाला.

मी इतकी हसले की होडी डुलायला लागली. मग तोही हसला, आणि बोलू लागला. तीन वाजून गेले तरी तो बोलतच होता.